घटप्रभा अभयारण्यात पक्षीनिरीक्षणाचा एक दिवस: पाण्याजवळ शेवटी जा

घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ बंधाऱ्यावर पक्षी बघायला येणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. नाश्ता आटोपून दहाच्या सुमारास पोहोचायचं, गाडीचं दार धाडकन लावायचं, कॅमेरा गळ्यात अडकवून तडक पाण्याच्या कडेला उतरायचं. तोवर करकोचे शेतात गेलेले असतात. जवळच्या पाण्यातली बदकं माणूस दिसताच मधल्या पाण्यात सरकतात आणि तिथून फक्त काळे ठिपके दिसतात. मग ‘यंदा पक्षीच नाहीत’ म्हणून मंडळी परततात. पक्षी असतात, दिवसाचा क्रम उलटा झालेला असतो.

हा क्रम गोकाक तालुक्यातल्या घटप्रभा पक्षी अभयारण्यासाठी लिहिला आहे. बंधाऱ्यामागचा फुगवटा (अडून पसरलेलं पाणी), त्यातली बेटं, काठची गाळपेर (पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन) आणि आजूबाजूची शेतं मिळून हे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटरचं आहे. हिडकलच्या जलाशयाला, नवीलतीर्थाला किंवा गावाकडच्या तळ्यालाही थोड्या फरकाने हाच क्रम चालतो.

## १. महिना आणि दिवस ठरवणं

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. कांड्या करकोचे, पांढरे करकोचे आणि उत्तरेकडची बदकं याच महिन्यांत इथं असतात. मार्च लागला की पाहुणे निघू लागतात. पावसाळ्यात नदी भरून वाहते, बेटं बुडतात आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. जुलैत येऊन करकोचे शोधणाऱ्यांना आधी कॅलेंडर दाखवावं लागतं.

महिन्याइतकंच महत्त्व पाण्याच्या पातळीला आहे आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. नदीच्या वरच्या अंगाच्या हिडकल धरणातून कालव्यांसाठी पाणी सोडलं की धुपदाळचा फुगवटा चढतो आणि आदल्या आठवड्यात उघडी असलेली गाळपेर पाण्याखाली जाते. चढलेल्या पाण्यात बदकं लांबवर पांगतात. शेकाट्या, तुतवार, चिखल्या असे चिखलात चरणारे पक्षी तर दिसतच नाहीत. पाणी उतरतं असेल तर रोज नवा चिखल उघडा पडतो, त्यातले किडे आणि शिंपले वर येतात आणि पक्षी कडेला गोळा होतात. निघण्याआधी घटप्रभा किंवा धुपदाळमधल्या ओळखीच्या माणसाला फोन करून एकच विचारा: पाणी चढतंय की उतरतंय?

रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळा. मंगळवारी, बुधवारी येणं जमलं तर उत्तम.

तपासणी: महिना बरोबर, पाणी उतरतं, वार मधला. यातल्या दोन गोष्टी तरी जुळाव्यात. एकच जुळत असेल तर आठवडाभर थांबा.

## २. आदल्या दिवशीची तयारी

परवानगी. हे अभयारण्य आहे, सहलीची बाग नव्हे. प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि कॅमेऱ्याचे नियम वनखात्याकडून आदल्या दिवशी विचारून घ्या. ओळखपत्र सोबत ठेवा. ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय तो उडवणं बेकायदा आहे, शिवाय वरून काहीही भिरभिरत आलं की पक्ष्यांना ते शिकारी पक्ष्यासारखंच वाटतं.

पोहोचणं. घटप्रभा हे मिरज–लोंढा मार्गावरचं स्टेशन आहे आणि धुपदाळ तिथून जवळच आहे. पण गाडीची वेळ आणि उजाडायची वेळ जुळत नसेल तर आदल्या रात्री घटप्रभा किंवा गोकाकला मुक्काम करा. बेळगावहून स्वतःच्या वाहनाने पहाटे येणार असाल तर दोन तास हाताशी धरा. ऊसतोडीचा हंगाम याच महिन्यांत असतो. अंधारात दिव्यांशिवाय चाललेले उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या दोन-दोन ट्रॉल्या हा या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे.

कपडे. मातकट, खाकी, मळकट हिरवे. पांढरा सदरा आणि लाल स्वेटर दोन्ही नकोत. रंगाइतकाच कापडाचा आवाजही बघा. चालताना खसखसणारं विंडचीटर शांत पहाटे बरंच लांब ऐकू जातं. त्यापेक्षा लोकरी स्वेटर बरा. पायात घोट्यापर्यंतचे बूट, डोक्याला टोपी.

खाणं. भाकरी, शेंगा चटणी, केळी, माणशी दोन लिटर पाणी. कुरकुरणारी पाकिटं नकोत. गोकाकचा करदंट खिशात ठेवायला उत्तम, फक्त त्याचा कागद गाडीतच काढून डब्यात भरा.

यादी. पुस्तकातले सगळे पक्षी पाठ करू नका. पाणथळ जागेचे पंचवीस पक्षी निवडा आणि प्रत्येकाची एकच खूण लिहा. वारकरी: काळा, कपाळावर पांढरा टिळा. थापट्या: चोच उलथन्यासारखी. शेकाट्या: लांब गुलाबी पाय. हळदी-कुंकू बदक: चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. तिरंदाज: पोहताना फक्त मान पाण्याबाहेर. इतक्या तयारीवर दिवस निघतो.

## ३. दुर्बीण घरीच जुळवा

दिवस वाया जाण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण. उसनी आणलेली दुर्बीण थेट काठावर पहिल्यांदा डोळ्याला लावली की दोन प्रतिमा दिसतात, डोकं दुखतं आणि अर्ध्या तासात ती गळ्यात नुसती लोंबकळत राहते.

आधी आकड्यांचं बघू. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. इथं तो साधारण ५ मिलिमीटर येतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तो अडीचच मिलिमीटर, म्हणून पहाटेच्या मंद उजेडात त्यातून सगळं काळपट दिसतं. पहिली दुर्बीण घेणाऱ्याने ८×४२ घ्यावी. १०×४२ लांबच्या बदकांना बरी, पण हाताचा कंपही त्यात दहा पट दिसतो. स्वस्तातल्या ‘२० ते १०० झूम’वाल्या दुर्बिणी घेऊ नका. त्यांतून अंधूक आणि हलतं चित्रच पदरी पडतं.

जुळवण्याचा क्रम असा:

१. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या आत फिरवा किंवा दुमडा, नसेल तर बाहेर काढा. चष्मा काढून दुर्बीण लावायची सवय नको. प्रत्येक वेळी चष्मा काढता काढता पक्षी जातो.

२. दोन्ही नळ्या जवळ-दूर करत दोन गोलांचा एकच स्वच्छ गोल करा.

३. साधारण ५० मीटरवरची पाटी निवडा. उजवं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा.

४. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला स्पष्ट करा.

५. कडीची खूण कुठं आली ते लक्षात ठेवा. ही जुळणी तुमच्या डोळ्यांपुरती कायमची झाली. इथून पुढं फक्त मधलं चाक.

मग सराव. गच्चीवर उभं राहून तारेवरचा कावळा साध्या डोळ्यांनी बघा आणि नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी वर आणा. मान खाली घालून दुर्बीण शोधायची नाही, आणि दुर्बिणीतून आभाळभर पक्षीही शोधायचा नाही. वीस वेळा केलं की हात बसतो.

सावध: दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघू नका. मुलांच्या हाती देताना आधी हेच सांगा. डोळ्याला कायमची इजा होते.

## ४. पोहोचणं: उजाडण्याआधी, आणि लांबच

डिसेंबरात इथं सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, जानेवारीत सातच्या जरा नंतर. सव्वासहाला जागेवर असा. गाडी पाण्यापासून दोन-तीनशे मीटर दूर लावा, दिवे विझवा, दार हलकेच ढकला, हॉर्न नको. मोबाईल मुका करा आणि त्याच्या पडद्याचा उजेडही कमी करा.

उभं कुठं राहायचं हे सूर्य ठरवतो. घटप्रभा इथं साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे बंधाऱ्याच्या बाजूने फुगवट्याकडे बघताना सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि समोरच्या पक्ष्याचे रंग उजळतात. संध्याकाळी हीच जागा वाईट, कारण पाण्यावरची चमक थेट डोळ्यांत येते आणि बगळाही काळा दिसतो. अनोळखी तळ्यावर गेलात तर मोबाईलमधलं होकायंत्र काढून आधी पूर्व कुठं आहे ते बघा.

पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐका. अडईची शीळ, वारकऱ्यांची कुजबुज, चक्रवाकाची नाकातली हाक, टिटवीची तक्रार. रात्री उथळ पाण्यात उभे असलेले कांड्या करकोचे असतील तर उजाडताना त्यांचा तुतारीसारखा घोगरा गलका होतो. ते कुठल्या दिशेला उडून जातात ते बघून वहीत लिहा. दुपारी हीच नोंद लागणार आहे.

सावध: बंधाऱ्याच्या भिंतीवर, सांडव्याच्या शेवाळलेल्या दगडांवर आणि कालव्याच्या उतरत्या काठावर चढू नका. कालव्याच्या गुळगुळीत उतारावरून घसरलं की पकडायला काही नसतं, आणि पाणी केव्हा सोडतील ते तुम्हाला कळत नाही.

## ५. पहिला तास: चाळणी आणि मोजणी

चांगला उजेड झाला की चाळणी सुरू करा. दुर्बीण डाव्या टोकाला लावा आणि एका वेळी दुर्बिणीतल्या चित्राएवढा भाग बघत, थोडासा एकावर एक ठेवत, उजवीकडे सरका. आधी लांबचं पाणी, मग मधलं, मग जवळची कड, शेवटी काठावरची झुडपं आणि बेटांवरची झाडं. प्रत्येक पट्ट्याला पाच मिनिटं. नवखा माणूस नेमका पहिल्या मोठ्या पक्ष्यावर अडकतो आणि तासभर एकाच चित्रबलाकाचे फोटो काढतो, तर तिकडे भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या एका फेरीत तीनशे बदकं उडून जातात.

म्हणून आधी मोजा, ओळखा नंतर. थव्यातले दहा पक्षी एकेक करून मोजा. ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा आणि तेवढा ठोकळा थव्यावर टाकत जा. सत्तावीस ठोकळे बसले तर २७०. मोठ्या थव्याला पन्नासचा ठोकळा घ्या. जवळची दाट बाजू बघून अंदाज बांधला तर आकडा फुगतो, कारण कडेची बदकं विरळ असतात. ठोकळा थव्याच्या मधल्या भागावर बांधावा. आणि जागा बदलली की तोच थवा दुसऱ्यांदा मोजला जातो. एका जागेवरून मोजलेलं पाणी दुसऱ्या जागेवरून मोजू नका.

सगळा थवा एकदम उठला तर दुर्बीण बदकांवर नेऊ नका. आधी वर बघा. दलदली भोवत्या, मासेमार घार किंवा ब्राह्मणी घार यांपैकी कुणीतरी फेरी मारत असतं. तो पक्षी चुकला तर पुन्हा दिसेलच असं नाही. बदकं फिरून खाली येतात.

तपासणी: सकाळचे साडेसात. अजून एकही पाऊल पाण्याकडे टाकलेलं नाही, वहीत निदान दहा ओळी आहेत. तसं असेल तर दिवस नीट चालला आहे.

## ६. ओळख: रंग सगळ्यात शेवटी

क्रम हा ठेवा: आकारमान (बगळ्याएवढा की साळुंकीएवढा), ठेवण, चोच, पाय, वागणं, उडण्याची ढब, आणि मग रंग. उजेडाप्रमाणे रंग बदलतो, चोच बदलत नाही. इथं नेहमी फसवणाऱ्या जोड्या अशा:

क्रौंच आणि बलाक. मराठीत दोघांनाही करकोचा म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कन्नडातलं ‘कोक्करे’ही बगळ्यापासून बलाकापर्यंत कुणालाही चालतं. कांड्या करकोचा हा क्रौंच. राखाडी अंग, काळी मान, छातीवरून लोंबणारी काळी पिसं आणि डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. तो झाडावर बसत नाही. झाडाच्या शेंड्यावर ‘कांड्या’ दिसला तर तो दुसराच कुणीतरी आहे, बहुधा राखी बगळा. पांढरा करकोचा हा बलाक. पांढरं अंग, पंखांची काळी किनार, चोच आणि पाय लालभडक. चित्रबलाकाची चोच पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली, चेहरा नारिंगी आणि छातीवर काळा पट्टा. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही मधे फट राहते. उडताना क्रौंच आणि बलाक मान सरळ ताणतात, बगळे मानेची घडी घालतात. लांबून एवढ्या एका खुणेवर अर्धं काम होतं.

पांढरे बगळे. ‘बगळे, बरेच’ असं लिहून पुढं जाऊ नका. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी पावलं: छोटा बगळा. आखूड पिवळी चोच, गुरांच्या पायांत: गायबगळा, हिवाळ्यात तोही पूर्ण पांढराच असतो. मध्यम आणि मोठा बगळा यांत ओठाची रेघ बघा. डोळ्याखालीच संपली तर मध्यम, डोळ्याच्या मागं गेली तर मोठा.

मादी बदकं आणि बदललेले नर. हिवाळ्याच्या सुरुवातीला आलेले बरेच नर मादीसारखेच तपकिरी असतात. भुवई बदकाची पांढरी भुवई तर बऱ्याच नरांत जानेवारीपर्यंतही नीट उमटत नाही. त्यामुळे ‘सगळ्या माद्याच आहेत’ असं लिहू नका. चोच आणि ठेवण बघा. रुंद चपटी चोच थापट्याची, लांब मान आणि टोकदार शेपूट तलवार बदकाची, चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे भुवई बदकाच्या मादीचे. उडताना पंख बघा. चक्रवाकाच्या पंखांवर पांढरे मोठे पट्टे चमकतात, ते मैलावरूनही ओळखू येतात.

वारकरी आणि पाणकोंबडी. कपाळ पांढरं तो वारकरी. कपाळ लाल, चोचीचं टोक पिवळं आणि कुशीवर पांढरी रेघ असेल तर पाणकोंबडी.

तुतवार आणि तुतारी. शेपूट सतत खालीवर हलवणारा आणि खांद्यापुढं पांढरा कोपरा दिसणारा सामान्य तुतवार. पाठीवर ठळक ठिपके, डोळ्यामागंपर्यंत गेलेली भुवई आणि पिवळट पाय असलेली ठिपकेदार तुतारी. उडताना पांढरी कंबर आणि खालून काळपट पंख दाखवणारी हिरवी तुतारी. यांत पहिल्या वर्षी चुका होणारच. शंका असेल तर ‘तुतारी, जात नक्की नाही’ असं लिहा. खोट्या नावापेक्षा ते बरं.

## ७. आता पाण्याकडे

आठ-साडेआठनंतर, मोजणी झाल्यावर. सरळ चालत जाऊ नका. तिरपं, थांबत थांबत, कुठंतरी दुसरीकडेच निघाल्यासारखं जा. वीस पावलं, मग दोन मिनिटं स्तब्ध. बेशरमाच्या झुडपांचा, पाणकणसांचा, बांधाचा आडोसा घ्या. आभाळाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती दिसू नये, म्हणून बांधाच्या माथ्यावरून नव्हे तर उतारावरून चाला. चारापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गट करा आणि दुसऱ्या गटाने मागंच थांबावं.

पक्षी इशारे देतात, ते वाचा:

- चरणं थांबलं आणि माना वर झाल्या: जागच्या जागी थांबा.
- सगळे एकाच दिशेला, तुमच्यापासून दूर, चालू किंवा पोहू लागले: दहा पावलं मागं या आणि खाली बसा.
- पंख अर्धे उघडले, हाका सुरू झाल्या: उशीर झाला आहे. मागं फिरा.

टिटवीकडे विशेष लक्ष द्या. ती तुम्हाला सगळ्यांआधी बघते आणि तिने एकदा बोंब ठोकली की अख्ख्या काठाला खबर लागते. तिच्या लांबून वळसा घाला. करकोच्यांच्या थव्याजवळ तर जाऊच नका. तो फार लांबूनच उठतो, आणि एकदा उठला की त्या शेतात त्या दिवशी परतेलच याचा भरवसा नाही. पक्षी आणि पाणी यांच्या मधे कधीही शिरू नका, त्यांची सुटकेची वाट तीच असते.

त्यापेक्षा बसा. चिखलाच्या कडेपासून चाळीस-पन्नास मीटरवर आडोशाला अर्धा तास हललं नाही तर चिखल्या आणि धोबी आपणहून जवळ येतात. कवड्या खंड्या समोरच पाण्यावर थरथरत उभा राहतो. चालून मिळणार नाही ते बसून मिळतं.

फोटोवाल्यांसाठी दोन ओळी: फ्लॅश नाही, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं नाही. घरट्यांची झाडं दिसली तर फांद्या बाजूला करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये याला शिक्षा आहे, आणि उघड्या पडलेल्या घरट्यावर कावळे टपलेलेच असतात.

सावध: कोरडा दिसणारा गाळ वरून तडकलेला आणि आतून लोण्यासारखा असतो. काठीने टोचून बघा. काठी वीतभर सहज गेली तर पुढं पाऊल नको. याच दौऱ्यात रायबाग, अथणीकडे कृष्णाकाठीही जाणार असाल तर पाण्याच्या अगदी कडेला बसू नका. कृष्णेत मगरी आहेत.

## ८. साडेदहा ते तीन: शेतं

ऊन तापलं की पाण्यावर हवा थरथरते आणि लांबचं काही स्पष्ट दिसत नाही. दुर्बीण बिघडली असं समजू नका. या वेळात दोन कामं होतात. घारी, भोवत्ये आणि गरुड गरम हवेवर चढू लागतात, त्यांच्यासाठी आभाळ बघा. आणि सकाळी करकोचे ज्या दिशेला गेले त्या दिशेची शेतं पालथी घाला, रस्त्यावरूनच. काढणी झालेली जोंधळ्याची, भुईमुगाची रानं आणि हरभऱ्याचे पट्टे बघा. उसात शोधू नका. करकोच्याला चहूकडचं दिसणारी मोकळी जागा लागते.

शेतकऱ्यांना विचारा. ‘हक्की एल्लि अदाव री?’ म्हणजे ‘पक्षी कुठं आहेत हो?’ शेवटचा ‘री’ विसरू नका, आदर तिथंच असतो. उत्तरात ‘होल’ म्हणजे शेत, ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा, ‘मुंजाने’ म्हणजे सकाळी आणि ‘संजि’ म्हणजे संध्याकाळी एवढं कळलं तरी पुरे. पुष्कळ जण मराठीतच उत्तर देतील. शेतात पाय ठेवण्याआधी विचारा, उभ्या हरभऱ्यातून चालू नका. आणि करकोचे हाकलणाऱ्या शेतकऱ्याला उपदेश करू नका, पेरलेलं त्याचं आहे.

भर दुपारी करकोचे पाणी प्यायला आणि विसाव्याला पुष्कळदा फुगवट्यावर परततात. बारा ते दोनमध्ये एकदा लांबूनच नजर टाका. सकाळी चुकलेला थवा याच वेळी उघड्या गाळावर उभा सापडतो.

गोकाकचा धबधबा जवळ आहे, मोह होतो. पण तो पावसाळ्यात बघायचा. हिवाळ्यात पाणी थोडं असतं आणि जाण्यायेण्यात तुमची संध्याकाळ जाते.

## ९. संध्याकाळ

साडेचारला जागा बदला, सूर्य पुन्हा पाठीशी घ्या. उत्तरेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या काठावर अशी जागा मिळते की ऊन निदान बाजूने यावं. तेही जमलं नाही तर आकृत्यांवरून ओळखायचा सराव करा. ओरडत, पाचराच्या आकारात येणारे क्रौंच. पंख न हलवता तरंगत, मुकाट येणारे बलाक. पाण्यालगत सैल रांगेत जाणारे पाणकावळे. झाडांवर उतरणारे बगळे आणि शराटी एकेका झाडाला किती आले ते मोजा. रातथाऱ्याची, म्हणजे रात्रीच्या विसाव्याच्या जागेची, मोजणी दिवसातली सगळ्यात भरवशाची, कारण पक्षी एका ठिकाणी येत असतात.

या वेळी पाण्याजवळ अजिबात जाऊ नका. सकाळी उठवलेला थवा दुसरीकडे चरतो, संध्याकाळी उठवलेल्याला अंधारात नवी जागा शोधावी लागते. वनखात्याने सांगितलेल्या वेळेच्या आत बाहेर पडा.

## १०. त्याच रात्री

नोंदी उद्यावर टाकू नका. सकाळ होईपर्यंत ‘मध्यम की मोठा बगळा’ हे आठवत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना तीन चुका नेहमीच्या:

- दिवसभराची एकच लांबलचक यादी. बंधारा, शेतं, संध्याकाळचा काठ यांच्या वेगळ्या याद्या करा, प्रत्येक शक्यतो तासाभराची.
- फक्त ‘खास’ पक्षी नोंदवणं. कावळा, साळुंकी, पारवाही लिहा, तरच यादी पूर्ण मानली जाते आणि अभ्यासाला उपयोगी पडते.
- न मोजलेल्या थव्याला मनाचा आकडा. ठोकळ्याने काढलेला अंदाज चालतो, तो कसा काढला ते शेऱ्यात लिहा.

फोटो तपासताना वहीतलं नाव आधी झाका, फोटोवरून नव्याने ओळखा, मग जुळवा. जुळलं नाही तर चोचीचा आणि पायांचा फोटो मोठा करून बघा. घरट्यांची नेमकी जागा आणि करकोच्यांचा रातथारा समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथं वीस गाड्या उभ्या राहतात.

मोजणीचा हात बसला असेल तर दर वर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी नाव द्या. तिथं एकाच पाण्याचे आकडे वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने घेतात. त्यासाठी आपली उभं राहायची जागा, वेळ आणि पाण्याची पातळी याही वहीत प्रत्येक वेळी लिहिलेल्या असाव्यात.